पोहता येते म्हणजे काय येते?

वर्गात एकदा एक साधा प्रश्न विचारून पाहा. "पोहता कुणाकुणाला येते?" काही हात ताडकन वर जातील, काही शेजाऱ्याकडे बघत अर्धवट उठतील. मग दुसरा प्रश्न विचारा. "पोहता येते म्हणजे नेमके काय काय करता येते?" आता उत्तरे निरनिराळी येतील. कुणाला विहिरीत मुटका मारता येतो. कुणी पाठीला डबा बांधून पोहतो. कुणी तलावाची एक रुंदी न थांबता पार करतो. कुणी नुसताच कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हात मारतो. पहिल्या प्रश्नाला सगळे हात सारखेच वर गेले होते. दुसऱ्या प्रश्नाने त्यांतला फरक दाखवला.

हा फरक मला बऱ्याच उशिरा कळला. मी पोहायला शिकलो मामाच्या गावी, विहिरीत, मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पहिले दोन दिवस पाठीला पत्र्याचा मोठा डबा होता. मग त्याच्या जागी लहानसा वाळलेला भोपळा आला. पुढे तोही गेला आणि कमरेला फक्त दोर उरला. दोराचे दुसरे टोक मामाच्या हातात असे. एके सकाळी मामाने न सांगता दोर सैल सोडला आणि मी हात मारत पायऱ्यांपर्यंत पोहोचलो. "आलं रे पोराला पोहायला!" असे मामा काठावरून ओरडला आणि माझे शिक्षण संपले.

पुढे दहा वर्षांनी मित्रांबरोबर एका नदीत उतरलो. निम्मे पात्र ओलांडल्यावर दमलो, जरा थांबावे म्हटले, आणि लक्षात आले की आपल्याला पाण्यात थांबता येतच नाही. विहीर वीस फूट रुंद होती. तिथे दम खाण्याची गरज कधी पडलीच नव्हती. मित्राने हवा भरलेली मोटारीची ट्यूब ढकलली म्हणून हा लेख लिहायला मी आहे. डबा, भोपळा, दोर अशा तीन पायऱ्या मी चढलो होतो. चौथी पायरी असते हेच मला माहीत नव्हते. माझी मामेबहीण त्याच विहिरीवरून रोज दोन घागरी पाणी नेत असे. तिला तर पहिली पायरीही कुणी दाखवली नव्हती.

पोहण्याच्या या पायऱ्या कुणी ठरवल्या? कशाच्या आधारावर ठरवल्या? आणि त्या ठरवताना चुका कुठे झाल्या? त्याचा इतिहास शिक्षकांनी वाचण्यासारखा आहे, कारण तो पोहण्याइतकाच शिकवण्याचाही इतिहास आहे.

पुस्तकातले पोहणे

माणूस फार प्राचीन काळापासून पोहतो. परंतु पोहणे ही क्रमाने शिकवण्याची विद्या आहे असे मानून लिहिलेले युरोपातले पहिले छापील पुस्तक १५३८ सालचे आहे. जर्मनीतील इंगोलश्टाट येथे शिकवणाऱ्या निकोलस विनमान यांनी ते लॅटिनमध्ये, संवादरूपाने लिहिले. लोक बुडून मरू नयेत हा त्यांचा हेतू होता.

हा हेतू साधण्याचा दुसरा, अधिक सोपा मार्गही त्या काळी प्रचलित होता, तो म्हणजे बंदी. १५७१ साली इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाने विद्यार्थ्यांना नदीत किंवा तळ्यात पोहायला उतरण्यास मनाई केली. नियम मोडणाऱ्याला फटक्यांची शिक्षा होती. त्याच केंब्रिजमधील एक अध्यापक एव्हरार्ड डिग्बी यांनी १५८७ साली पोहण्याच्या कलेवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात सुमारे चाळीस लाकडी ठशांची चित्रे होती. पाण्यात कसे उतरावे, उताणे कसे व्हावे, कसे वळावे इथपासून पाण्यात तरंगत पायाची नखे कशी कापावीत इथपर्यंत! नखांचे हसू येते खरे, पण ते चित्र पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला पाण्यात स्वस्थ राहून नखे कापता येतात, त्याला पाण्यात थांबता येते. माझी चुकलेली चौथी पायरी डिग्बींच्या पुस्तकात होती.

१६९६ साली फ्रान्समध्ये मेल्शिसेदेक तेव्हनो यांचे पोहण्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते बरेचसे डिग्बींवरच बेतलेले होते. त्याचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेतील एका मुलाच्या हाती पडला. त्याने त्यातल्या सगळ्या क्रिया करून पाहिल्या, वर स्वतःच्या काही जोडल्या. तो मुलगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिनचे अंडे

फ्रँकलिन आपल्याला विजेच्या प्रयोगांमुळे माहीत आहेत. ते उत्तम पोहणारेही होते. १७२६ च्या सुमारास, विशीत असताना, त्यांनी लंडनमध्ये टेम्स नदीत चेल्सीपासून ब्लॅकफ्रायर्सपर्यंत सुमारे साडेतीन मैल पोहून दाखवले. त्यानंतर एका सरदाराने आपल्या दोन मुलांना पोहायला शिकवाल का अशी विचारणाही केली. फ्रँकलिन तेव्हा अमेरिकेला परतण्याच्या बेतात होते, म्हणून ते राहून गेले.

पुढे एका प्रौढ मित्राला त्यांनी पोहणे शिकण्याविषयी पत्र लिहिले. ते १७६९ साली छापले गेले. त्यातली युक्ती अशी. तळ उथळपणे उतरत जाणाऱ्या स्वच्छ पाण्यात छातीएवढ्या खोलीपर्यंत चालत जा. मग काठाकडे तोंड करा. तुम्ही आणि काठ यांच्यामध्ये एक अंडे पाण्यात टाका. ते तळाशी जाऊन बसेल. आता बुडी मारून, डोळे उघडे ठेवून ते उचलायचा प्रयत्न करा. मग तुमच्या ध्यानात येईल की बुडणे वाटते तेवढे सोपे नाही. पाणी तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध वर ढकलते.

शिक्षकाच्या दृष्टीने ही युक्ती विलक्षण आहे. पोहणे शिकवण्यासाठी फ्रँकलिन प्रथम बुडायला सांगतात! हात कसे मारावेत हे नंतर. पाणी आपल्याला धरते, याचा अनुभव आधी. हा भरवसा येईपर्यंत माणूस पोहणारा होत नाही आणि शिकण्यातला खरा अडथळा भीतीचा आहे, असे त्यांचे मत होते. शरीराच्या कोणत्या भागाची घनता पाण्यापेक्षा जास्त आणि कोणत्या भागाची कमी, हेही त्यांनी त्या पत्रात समजावले आहे. हातपाय आणि डोके गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड. धड मात्र फुप्फुसांतील हवेमुळे हलके.

आजच्या आकड्यांत हे मांडून पाहू. छातीत पूर्ण हवा भरलेल्या माणसाची सरासरी घनता पाण्याच्या ०.९८ पट असते असे धरा. ३० किलो वजनाच्या मुलाचे आकारमान मग सुमारे ३०.६ लिटर होते. पूर्ण बुडाल्यावर ते ३०.६ किलो पाणी बाजूला सारते. म्हणजे आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे प्लावक बल त्याच्या वजनापेक्षा जेमतेम ६०० ग्रॅमने जास्त. ही त्याची सारी शिल्लक. त्याच्या डोक्याचे वजन तीन किलोंच्या आसपास असते. त्यामुळे नुसत्या तरंगण्याने संपूर्ण डोके पाण्याबाहेर राहणे शक्यच नाही. फक्त चेहरा राहू शकतो, तोही मान मागे टाकून उताणे झाल्यावर. घाबरलेले मूल काय करते? डोके वर उचलते आणि दोन्ही हात आकाशाकडे करते. पाण्याबाहेर काढलेल्या अवयवांचे वजन पाणी पेलत नाही. शिल्लक संपते आणि मूल खाली जाते. श्वास सोडला की घनता एकाच्या वर जाते आणि तीही शिल्लक उरत नाही. म्हणून तरंगणे आणि श्वास या दोन गोष्टी हातपाय मारण्याच्या आधीच्या आहेत. फ्रँकलिनना हे कळले होते. पण पुढची दीडशे वर्षे शाळांनी आणि पलटणींनी याच्या उलट क्रम धरला.

दोरीला टांगलेला शिपाई

जर्मनीतील श्नेप्फेन्थाल येथे एक नव्या विचारांची शाळा होती. तिथले शिक्षक योहान गुट्समुट्स यांनी १७९३ साली मुलांच्या व्यायामावर आणि १७९८ साली खास पोहण्यावर पुस्तक लिहिले. पोहण्याची चाल नाही म्हणून बुडण्याची चाल पडली आहे, असा त्यांचा टोला होता. त्यांनी शिकवण्याचे तीन टप्पे केले. प्रथम पाण्याची सवय, मग जमिनीवर हालचालींचा सराव, मग पाण्यात सराव. पहिला टप्पा पाण्याची सवय हा होता हे लक्षात ठेवा.

प्रशियाचे सेनाधिकारी एर्न्स्ट फॉन प्फूल यांनी ही विद्या सैन्यात नेली. १८१७ साली त्यांनी बर्लिनमध्ये सैनिकांसाठी पोहण्याची शाळा काढली. तिथली पद्धत अशी. शिकणाऱ्याच्या अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर एका काठीला आणि काठी काठावर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हातात. गळाला मासा लटकावा तसा शिपाई पाण्यात लटके आणि शिक्षक आकडे म्हणे. एक म्हटले की पाय जवळ, दोन म्हटले की पाय फाकवून लाथ, तीन म्हटले की पाय जुळवून सरक. बेडकासारखे पोहणे असे तुकड्यातुकड्यांनी घोटून घेत. जमत गेले की दोर सैल करत. प्फूल यांना माझ्या मामाची विहीर ठाऊक नव्हती आणि मामाला प्फूल ठाऊक नव्हते. तरी दोर सैल सोडण्याची युक्ती दोघांनाही सुचली.

कवायत म्हणून ही पद्धत यशस्वी झाली. पुष्कळ लोकांना थोड्या वेळात, एका ठराविक रीतीने शिकवता येऊ लागले. पलटणींतून ती शाळांत शिरली. पण या व्यवस्थेत गुट्समुट्स यांचा पहिला टप्पा मागे पडला आणि हालचाली पुढे आल्या. पुढे कित्येक ठिकाणी मुले बाकांवर पोटावर पडून, पाण्याचा थेंबही अंगाला न लागता, आकड्यांवर हातपाय हलवू लागली. शिकवणाऱ्याला जे मोजणे सोयीचे होते, ते पहिली पायरी बनले. शिकणाऱ्याची खरी अडचण निराळीच होती. असे फक्त पोहण्यातच घडते असे नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

क्रम सुधारला जातो

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहण्याच्या प्रश्नाला नवी धार आली. सप्टेंबर १८७८ मध्ये टेम्स नदीत 'प्रिन्सेस अॅलिस' ही सहलीची बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मेली. जून १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'जनरल स्लोकम' या बोटीला आग लागली. त्यात हजारावर माणसे गेली आणि त्यांत बहुतेक बायका व मुले होती. किनारा जवळच होता. १८९१ साली लंडनमध्ये जीवरक्षक संस्था स्थापन झाली, १९१३ साली जर्मनीत झाली. १९१४ साली अमेरिकेत रेडक्रॉसने विल्बर्ट लाँगफेलो यांच्या नेतृत्वाखाली जीवरक्षणाचे काम हाती घेतले. पोहणे केवळ सैनिकांसाठी किंवा हौशी लोकांसाठी नसून सर्वांसाठी हवे, हा विचार या काळात रुजला.

शिकवण्याच्या क्रमातली दुरुस्ती मात्र शिक्षकांकडून आली. १९२५ साली कुर्ट वीसनर यांनी नैसर्गिक पोहणे-शिक्षणावर जर्मन भाषेत पुस्तक लिहिले. जमिनीवरची कवायत आणि दोर टाळून मुलांना आधी पाण्यात खेळू द्या, बुडी मारू द्या, श्वास सोडू द्या, तरंगू द्या, सरकू द्या, आणि मगच हातपाय शिकवा, हे त्याचे सार. म्हणजे फ्रँकलिनचे अंडे पुन्हा वर आले!

अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत फ्रेड लनू नावाचे पोहण्याचे शिक्षक होते. १९४० च्या सुमारास त्यांनी वेगळाच प्रश्न घेतला. जलद पोहण्यापेक्षा न बुडता पाण्यात बराच वेळ काढता कसा येईल? त्यांची रीत अशी. छातीत हवा घेऊन, चेहरा पाण्यात ठेवून, अंग सैल सोडून उभे तरंगायचे. श्वास हवा असेल तेव्हाच हातापायांच्या हलक्या दाबाने तोंड वर आणायचे आणि पुन्हा खाली जायचे. विद्यार्थ्यांचे हातपाय बांधूनसुद्धा ते ही परीक्षा घेत. ६०० ग्रॅमच्या शिल्लकीत संसार कसा करावा याचे हे शिक्षण होते. मात्र विज्ञानाने यालाही मर्यादा घातली. १९७० च्या दशकात कॅनडात झालेल्या संशोधनात दिसले की अतिथंड पाण्यात ही रीत घातक ठरू शकते, कारण डोके पाण्यात राहिल्याने शरीराची उष्णता लवकर जाते. कोणती पायरी उपयोगी हे पाण्यावरही अवलंबून असते.

पायऱ्यांची नावे

मुलांचे गट पाडून शिकवायचे म्हटले की पायऱ्यांना नावे द्यावी लागतात. अमेरिकेतील वायएमसीएच्या वर्गांनी ती पाण्यातल्या प्राण्यांची दिली. बेडूकमासा, गप्पी, छोटा मासा, मासा, उडता मासा, शार्क अशी. मुलांना ती फार आवडली. जर्मनीत पोहायला लागलेल्या मुलाला 'समुद्रघोडा' हा बिल्ला मिळतो. त्यासाठी काठावरून उडी मारून २५ मीटर पोहायचे आणि खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची वस्तू हाताने वर आणायची. आईबाप तो बिल्ला पोहण्याच्या चड्डीवर हौसेने शिवतात आणि मूल पोहायला शिकले म्हणून निश्चिंत होतात.

येथेच खरी गोम आहे. समुद्रघोडा हा मुळात फार कच्चा पोहणारा मासा आहे! जर्मन जीवरक्षक संस्था पालकांना पुन्हा पुन्हा बजावते की हा बिल्ला म्हणजे सुरुवात आहे. मुलाला भरवशाचा पोहणारा म्हणायचे ते पुढच्या, कांस्य बिल्ल्यानंतर. त्यासाठी १५ मिनिटे न थांबता पोहावे लागते, त्यात किमान २०० मीटर अंतर कापावे लागते आणि दोन मीटर खोलीवरून वस्तू आणावी लागते. माझ्या विहिरीतल्या तीन पायऱ्या समुद्रघोड्यापर्यंतच्या होत्या. मी आणि मामा दोघेही त्यांनाच शिखर समजलो.

जागोजागी कालवे असलेल्या नेदरलँड्सने पायऱ्या ठरवताना आपल्या पाण्याकडे पाहिले. तेथे मुले अ, ब, क अशा तीन परीक्षा देतात आणि त्यांतला काही भाग अंगात कपडे आणि पायात बूट घालून द्यावा लागतो. पाण्याखाली ताणलेल्या कापडातील भोकातून पोहत जावे लागते. हे अंतर प्रत्येक परीक्षेत वाढत जाते. कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, इतका साधा विचार यामागे आहे.

बांगलादेशातील तळी

तलाव बांधायला पैसे नाहीत, प्रशिक्षक नाहीत, अशा ठिकाणी काय करायचे? याचे उत्तर बांगलादेशाने दिले. तिथल्या खेड्यांत घरोघरी तळे असते आणि लहान मुलांच्या मृत्यूचे बुडणे हे एक प्रमुख कारण आहे. २००६ ते २०१० या काळात तेथे मोठा प्रयोग झाला. गावच्या तळ्यातच बांबूचे मचाण बुडवून त्याभोवती कुंपण केले, म्हणजे मुलांना पायाखाली ठाव मिळाला. गावातल्याच तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून तयार केले. ४ ते १२ वर्षांच्या मुलांना २१ लहान लहान पायऱ्यांनी शिकवले. पाण्यात उतरणे आणि श्वास सोडणे इथपासून सुरुवात. शेवटी २५ मीटर पोहणे, जागच्या जागी तरंगून राहणे, आणि बुडणाऱ्याला स्वतः पाण्यात न उतरता काठावरून वाचवणे. फुलपाखरासारखे पोहणे यांत कुठेच नाही.

या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांच्या तुलनेत नऊ-दशांशाहून अधिक घटलेले दिसले. त्याहून लहान, रांगत्या-धावत्या मुलांसाठी मात्र पोहण्याचे वर्ग नव्हते. त्यांच्यासाठी गावातच सकाळी सांभाळणारी घरे चालवली आणि त्यांच्यातील बुडण्याचे मृत्यूही सुमारे चार-पंचमांशाने कमी झाले. म्हणजे पायऱ्यांच्याही आधी एक पायरी आहे, लहान मुलावर मोठ्यांची नजर. जागतिक आरोग्य संघटना आज हेच दोन उपाय सांगते. शाळेच्या आधीच्या वयात देखरेख, आणि सहा वर्षांपुढे पोहण्याचे व पाण्यातील सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण. या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची होती.

आपल्या विहिरी, आपली शेततळी

महाराष्ट्रात पोहणे शिकवण्याची परंपरा नाही असे कोण म्हणेल? भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका, डबा आणि दोर ही आपली साधने पिढ्यान् पिढ्या चालत आली. हळूहळू आधार कमी करत नेण्याची रीत तर शास्त्रशुद्धच म्हटली पाहिजे. उणीव दोन ठिकाणी राहिली. एक म्हणजे ही विद्या बहुतेक मुलग्यांपुरती राहिली. दुसरी म्हणजे विहिरीपुरती राहिली. विहिरीला पायऱ्या असतात, काठावर मामा असतो. आता पाणी बदलले आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली आणि गावोगावी शेततळी झाली. प्लॅस्टिकचे कापड अंथरलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की पोहणाऱ्यालाही त्यावरून वर येता येत नाही. दगडाच्या जुन्या खाणींत काठापाशीच खोल पाणी असते. तिथे विहिरीतले पोहणे पुरत नाही.

प्रत्येक शाळेला तलाव मिळणार नाही, आणि शिक्षकाने प्रशिक्षित माणसाशिवाय मुलांना पाण्यात मुळीच नेऊ नये. फ्रँकलिनच्या अंड्याचा प्रयोगही नको. पण पाण्याबाहेरच्या पायऱ्या वर्गात शिकवता येतात. औषधाच्या छोट्या बाटलीत जेमतेम तरंगेल इतकी वाळू घाला, झाकण घट्ट लावा आणि बादलीत सोडा. मग तिच्यावर एक खिळा ठेवून पाहा. हात वर केला की काय होते, हे मुलांना दिसेल. झाकण बंद असलेला पाच लिटरचा रिकामा कॅन सुमारे पाच किलोंचा आधार देतो. पाण्यातल्या मुलाला लागणारा आधार त्याहून कमी असतो, हे गणित मुलांकडून करून घ्या. दोर बांधलेला असा कॅन नेम धरून फेकण्याचा सराव मैदानावर करता येतो. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नाही, हे सांगा. मित्र बुडताना दिसला तर मागोमाग उडी टाकायची नाही. काठी, दोर, साडी, कॅन, जे असेल ते पुढे करायचे आणि ओरडून माणसे गोळा करायची, हे पाढ्यांसारखे पाठ करून घ्या. गावात शेततळे असेल तर त्याला कुंपण आहे का, चारही बाजूंना पाण्यापर्यंत पोहोचणारे गाठींचे दोर सोडले आहेत का, हे मुलांनाच पाहून यायला सांगा, मात्र बाहेरून आणि मोठ्या माणसाबरोबर.

आणि पुढच्या वेळी "पोहता कुणाकुणाला येते?" असे विचारू नका. विचारा, "दमल्यावर पाण्यात थांबता कुणाला येते?" त्या वेळी किती हात खाली येतात ते मोजा. ज्या मुलींचे हात दोन्ही प्रश्नांना खालीच राहिले, त्याही मोजा.